चार वर्षे साहेबाचे तोंड

मी चार वर्षे एका साहेबाचे तोंड होतो. साहेब सोलापूरच्या एका कापडगिरणीत वीव्हिंग मास्तर, म्हणजे विणकामाच्या सगळ्या खात्याचा मुख्य. मी त्याचा दुभाष्या. साहेब इंग्रजीत बोले, ते मी मराठीत सांगे. कामगार मराठीत बोलत, ते मी इंग्रजीत सांगे. काम एवढेच. संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्या नोकरीतले 'रोमहर्षक अनुभव' मागितले आहेत. रोमहर्षक काही घडले नाही. एका माणसाचे नुकसान झाले. ते कोणामुळे झाले हे माझे अजून ठरत नाही, म्हणून लिहितो.

गिरणीचे नाव देत नाही. दिले तर लोक म्हणतील, ही त्याच गिरणीची गोष्ट. आणि बाकीच्या गिरण्या सुटतील.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. घरात जो कागद येई तो चुकलेल्या पत्रकांचा. मी अक्षरे त्यांवरच शिकलो. त्यामुळे 'बंधूंनो' हा शब्द मला 'कमळ' या शब्दाआधी वाचता आला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असते अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. मॅट्रिक झालो तेव्हा माझी सगळी मते ठरलेली होती, फक्त नोकरी नव्हती. ही नोकरी धरली तेव्हा मित्रांनी तोंडावर सांगितले, "साहेबाचा पोपट झालास." मी म्हणालो, "कामगाराला काय बोलले जाते ते त्याला कळत नाही, हाच त्याच्यावरचा पहिला जुलूम. तो मी दूर करणार." मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो.

साहेब लँकेशायरचा, तिकडच्या गिरणीतच वाढलेला. चहा बशीत ओतून पिई. ही रीत तो आपल्याकडून शिकला असे आमचे कामगार अभिमानाने सांगत. साहेबाचे म्हणणे, त्याची आजी तसाच पीत असे. त्याचे इंग्रजी आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हते. पुस्तकातला इंग्रज फार झाले तर "मला खेद वाटतो" म्हणे. आमच्या साहेबाने पहिल्याच दिवशी सबंध खात्याला मोजे वर ओढायला सांगितले. खात्यात मोजे घातलेला माणूस एकच होता, तो साहेब. झटून कामाला लागा, असा त्याचा अर्थ, हे मला ठाऊक होते आणि मी तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने एका टकल्या मुकादमाला डोक्यावरचे केस सांभाळायला सांगितले. म्हणजे रागावू नकोस. तेही जमले.

बाहेरच्यांना वाटते, दुभाष्याला शब्द अडतात. शब्द अडत नाहीत, वजन अडते. साहेब तीन शिव्या एकदम घालतो, तेव्हा तो खरोखर संतापलेला आहे की नुसता सुस्कारा टाकतो आहे, हे आधी ओळखायचे. मग मराठीत तेवढ्याच वजनाची शिवी शोधायची. कमी नाही आणि जास्त नाही. हे काम मी फार नेकीने करी. साहेबाच्या तोडीची शिवी सापडावी म्हणून मी सुट्टीच्या दिवशी जनावरांच्या बाजारात जाऊन उभा राहिलेलो आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवली पाहिजे. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, खडखडाट एवढा की कानाला तोंड लावले तरी ऐकू येत नाही. तिथली माणसे ओठ आणि हात बघून बोलतात. लँकेशायरातही असेच, म्हणून साहेबाला प्रत्येक शब्द तोंड फाकवून, सगळे दात दाखवून बोलायची लहानपणापासून सवय. खरे बोलणे बाहेर, तीन नंबरच्या दाराशी होई. पण तिथेही त्याचे तोंड तसेच फाके. तो शिव्या देत असला तरी बघणाराला वाटे, साहेब हसतो आहे.

माझ्या आधी हे काम बापूरावांनी तेरा वर्षे केले. डोळे अधू झाले म्हणून ते आपल्या गावी, करकंबला गेले. जाताना त्यांनी मला एक वही दिली. "वहीप्रमाणे चाललास तर त्रास नाही," एवढेच म्हणाले. वहीत डाव्या बाजूला साहेबाची बोलणी लिहिलेली, उजव्या बाजूला मराठी. मी पहिले पान वाचले आणि उभ्याचा बसलो. डावीकडे साहेबाने एका विणकराचे डोळे नरकात धाडले होते. उजवीकडे लिहिले होते, 'साहेब म्हणतात, डोळ्यांना जपा.' डावीकडे, 'हे गाऱ्हाणे जाऊन खलाशांना सांग,' म्हणजे माझा काडीचाही विश्वास नाही. उजवीकडे, 'साहेब म्हणतात, वर कळवतो.' डावीकडे, 'डुकरांना पंख फुटतील तेव्हा,' म्हणजे कधीच नाही. उजवीकडे, 'साहेब म्हणतात, दसऱ्याला बघू.'

तेरा वर्षांत बापूरावांनी साहेबाच्या आत दुसरा एक साहेब बसवला होता. तो कनवाळू होता, घरचे आजारपण विचारी, आणि लोकांचा त्याच्यावर जीव होता. खऱ्या साहेबाला यातले काही माहीत नव्हते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की आपल्या गळ्यात एवढे हार का पडतात, हे तो दर वर्षी बापूरावांना विचारी. बापूराव म्हणत, "रिवाज आहे."

मी त्या वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने 'कामगारांचा विश्वासघात!' असे लिहिले आणि ती खणात बंद केली. दुसऱ्या दिवसापासून जसेच्या तसे सांगू लागलो.

कुंभारीहून रोज चालत येणारी सोनाबाई सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिच्या हातून रिळे खराब झाली. साहेब बोलला.

"काय म्हनला?" सोनाबाईने विचारले.

"साहेब म्हणतात, तुमच्यापेक्षा मेंढी बरी. मेंढीला निदान लोकर तरी येते."

तिने साहेबाकडे पाहिले. साहेबाचे सगळे दात दिसत होते. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"आगं बया! मास्तर, तुमाला बरं न्हाय का?"

"मला काही झालं नाही. साहेब तसं म्हणाले."

"ह्यो साहेब? माजी सासू मेली तवा हितंच हुबा ऱ्हाऊन म्हनला हुता, सोनाबाई, सासू गेली म्हंजे घराचं छप्पर गेलं. त्यो मला मेंढी म्हनंल व्हय? आवं, कुटल्या साळंत शिकलासा तुमी?"

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी जाऊन खण उघडला. तो दिवस वहीत होता. छप्पर बापूरावांचे होते. साहेब म्हणाला होता, 'पुन्हा सुट्टी? ह्यांना सासवा असतात तरी किती?'

महिनाभरात खात्यात एक मत तयार झाले. साहेबात काही बदल नाही, नव्या दुभाष्याला इंग्रजी येत नाही.

आता नरसय्यामामा. तेलुगू विणकर, पन्नाशीचे, दोन माग सांभाळणारे. त्यांचा थोरला अंबादास, लग्न झालेला, कापूस पिंजायच्या खात्यात. त्या खात्यात हवा कमी आणि कापूस फार. दोन वर्षे तिथे काढली की माणूस खोकतो, आणि अंबादासला तिथे पाच वर्षे झाली होती. मुलाला साचेखात्यात घ्या, अशी मामांनी तीन वर्षांपूर्वी साहेबाला विनंती केली होती. साहेब डुकरांच्या पंखांविषयी बोलला, आणि बापूरावांनी दसरा सांगितला. पुढच्या वर्षी डुकरे तीच, दसरा तोच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

यंदा मात्र निकड होती. दुसऱ्या गिरणीत मामांच्या साडूने अंबादाससाठी एक माग धरून ठेवला होता. दसऱ्यापर्यंत थांबतो, म्हणाला, मग दुसऱ्याला देणार. जागा पक्की होती. मामांची अडचण निराळीच होती. साहेबाने शब्द दिलेला आहे, आणि तो मोडून पोराला दुसरीकडे नेले तर साहेबाला काय वाटेल?

दसऱ्याच्या आठवडाभर आधी मामा तीन नंबरच्या दाराशी आले. मी विचारले. साहेबाने पुन्हा डुकरे काढली.

"मामा, साहेब म्हणतात, हे कधीच होणार नाही," मी म्हणालो. "साडूंकडची जागा आजच्या आज धरा. हे साहेबाचं नाही, माझं सांगणं."

मामा रागावले नाहीत. लहान मुलाकडे बघून हसावे तसे हसले.

"तू नवा हायस, पोरा. साहेबाची भाषा लई खोल हाय. बापूरावालाबी आदी यायची न्हाय. येतंय हळूहळू."

"मामा, माझी मॅट्रिक झाली आहे. इंग्रजीत मी..."

"मॅट्रिकचं येगळं की. ह्ये साहेबाचं हाय."

मी रविवारी सर्व्हिस मोटारीने करकंब गाठले. बापूराव ओसरीवर बसून सुपातले गहू हाताने चाचपून निवडीत होते. मी उभ्यानेच त्यांना 'विश्वासघात' हा शब्द ऐकवला. त्यांनी मला बसायला पाट दिला.

"पहिलं वर्ष मीही जसंच्या तसं सांगत होतो," ते म्हणाले. "एका विणकराला साहेब आईवरून बोलला. मी सांगितलं. त्यानं हातातला मागाचा धोटा फेकून मारला. साहेबाच्या कपाळाला टाके पडले आणि विणकर तुरुंगात गेला. साहेब मला विचारतो, मी असं काय म्हणालो होतो? त्याला आठवतही नव्हतं. त्या दिवशी वही आणली."

"आणि नरसय्यामामांना तीन वर्षं खोटं सांगितलंत, ते?"

"दसऱ्याला बघू, यात खोटं काय? दसरा आला की बघतच होतो."

"पोरगा खोकतोय, बापूराव."

त्यांचे हात सुपात थांबले. "तिथं माझं चुकलं," ते म्हणाले. "एकदा सांगितलं की दुसऱ्या वर्षी निराळं सांगायचं कसं?"

"मग चला, आणि खरं काय ते तुम्ही सांगा."

"सांगेन की. ते म्हणतील, म्हातारा झाला, साहेबाची भाषा विसरला."

ते खरे होते. येताना त्यांनी माझ्या पिशवीत लिंबे घातली.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तीन नंबरच्या दाराशी चाळीसएक माणसे उभी होती. पुढे नरसय्यामामा आणि सोनाबाई. मामांनी साहेबाच्या हातात एक अर्ज दिला, कचेरीबाहेरच्या लेखकाकडून चांगल्या अक्षरात लिहून आणलेला. साहेबाने तो न बघता माझ्याकडे दिला आणि चहा बशीत ओतला.

'मेहेरबान साहेब यांचे सेवेशी. अर्ज ऐसा जे, नवीन दुभाष्यास इंग्रजी येत नाही. तो आपले मुखी भलतीच वाक्ये घालितो. तेणेकरून आपली बदनामी होत आहे, ती आम्हांस सोसवत नाही. सबब त्यास दूर करून जुने दुभाषी बापूराव यांस परत बोलवावे.'

मी त्याचे भाषांतर केले. एक शब्द गाळला नाही. 'इंग्रजी येत नाही' हे माझ्या आजवरच्या सर्वांत चांगल्या इंग्रजीत सांगितले. साहेबाला पहिल्यांदा मजा वाटली. पण अर्ज लांब होता. साहेब आजवर काय काय बोलला ते सगळे पुढे लिहिले होते. सोनाबाईची सासू होती. 'डोळ्यांना जपा' होते. शेवटी, अंबादासला या दसऱ्याला माग देण्याचा शब्द आहे, तो नव्या दुभाष्याच्या अडाणीपणामुळे वाया जाऊ नये, असे होते.

बशी साहेबाच्या तोंडापाशी थांबली. "हे मी कधी म्हणालो?"

"आपण म्हणाला नाहीत."

"मग कोण म्हणालं?"

"बापूराव."

साहेबाने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, की मी आता आमच्या जिन्याच्या पायथ्याशी जातो.

हे वहीत नव्हते. लँकेशायरात फार नवल वाटले की असे म्हणतात, हे मला नंतर कळले. त्या वेळी मी जसेच्या तसे सांगितले, आणि चाळीस माणसांनी गिरणीच्या जिन्याकडे पाहिले.

"बगा, बगा," सोनाबाई म्हणाली. "काय येतंय का ह्याला?"

"तो म्हातारा आज असता," साहेबाने मला विचारले, "तर ह्या विणकराला काय म्हणाला असता?"

"दसऱ्याला बघू."

"दसरा कधी?"

"परवा."

साहेबाने बशीतला चहा संपवला. "म्हाताऱ्याने मला फार चांगला करून ठेवलाय. एवढं चांगलं असणं मला झेपायचं नाही," तो म्हणाला. मग नेहमीच्या आवाजात बोलला. "माझा एक विणकर आजारी पडून नातेपुत्याला घरी गेलाय. तो येईपर्यंत ह्याच्या पोराला त्या मागावर बसू दे. तो आला की पोरगा परत कापसात. दुसरा माग माझ्याकडे नाही, आणि निघणारही नाही. हे त्याला सरळ सांग. ह्या खेपेला कुणी गोड करून सांगायचं नाही."

मी वळलो. चाळीस तोंडे माझ्याकडे बघत होती. महिनाभर त्यांतल्या एकानेही मला धड उत्तर दिले नव्हते.

"साहेब म्हणतात, दसऱ्यापासून अंबादास साचेखात्यात."

पुढचे बोलायला मी तोंड उघडले होते. तेवढ्यात मागून एकच गलका झाला. सोनाबाईने पुढे होऊन साहेबाची दृष्ट काढली आणि कडाकडा बोटे मोडली. साहेब दचकून मागे सरला. नरसय्यामामांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बगितलंस? यायला लागलं की तुला इंग्रजी!"

चार वर्षांत त्या गिरणीत मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

उरलेली वाक्ये उद्या सांगायची असे मी ठरवले. उद्या खंडेनवमी होती. माग धुऊन पुसून मांडलेले, झेंडूचे हार, साहेब गळ्यापर्यंत फुलांत. परवा दसरा होता. अंबादास नवी टोपी घालून सोने द्यायला माझ्या घरी आला. दसऱ्याच्या दिवशी घरी आलेल्या माणसाला असले काही सांगत नाहीत. तिसऱ्या दिवशी साडूने दुसऱ्या गिरणीतला माग दुसऱ्याला दिला, आणि मग सांगून काही उपयोग राहिला नाही. सगळे इतके साधेपणाने झाले. एकाही टप्प्यावर मी खोटे बोललो नाही.

पाच महिने अंबादास मागावर बसला. हात चांगला होता. खोकला पुष्कळ कमी झाला. त्याची बायको तीन नंबरच्या दाराशी डबा घेऊन येई तेव्हा माझ्याकडे बघून पदर सावरी आणि हसे. मी कागदात डोके घाली. मग नातेपुत्याचा विणकर परत आला, चांगला जाडजूड होऊन. त्याच दिवशी अंबादास परत कापसात गेला. साहेबाने यात काही गैर केले नाही. त्याने सरळ सांगितले होते.

पुढची साडेतीन वर्षे मी एकही वाक्य गाळले नाही. मेंढी म्हटले तर मेंढी सांगितली. लोक आता माझ्यावर विश्वास ठेवीत. खंडेनवमीला साहेबाच्या गळ्यात एकच हार पडू लागला, तोही मुकादमाचा. साहेबाने त्याचे कारण मला कधी विचारले नाही. माझे तत्त्व बरोबर होते असे मी आजही म्हणतो, आणि ज्याला वाद घालायचा असेल त्याने यावे. फक्त ते तत्त्व ज्या एका दिवशी कोणाच्या कामी आले असते, त्या दिवशी मी ते पाळले नाही. अंबादास आता साखर पेठेत एका नातेवाइकाच्या घरी हातमागावर लुगडी विणतो. खोकला आहे. वही माझ्याकडे आहे. पुठ्ठ्यावरचा लाल शब्द मी खोडलेला नाही. खाली माझे नाव घातले आहे.

ज्या दुपारी अंबादास परत कापसात गेला, त्या दुपारी नरसय्यामामा तीन नंबरच्या दाराशी आले. वाद घालायला आलेले नव्हते.

"त्या दिशी साहेब आनखी काय म्हनला हुता काय?"

"म्हणाले होते." आणि मी ती वाक्ये सांगितली, पाच महिन्यांनी, जशीच्या तशी.

"तू सांगितलं न्हाईस."

"नाही."

"का?"

"तुम्ही फार खूश होता."

मामांनी मान हलवली. जणू हे कारण त्यांना पटण्यासारखे होते.

"बापूरावबी असंच करायचा व्हय?"

"होय."

"दसऱ्याला बगू, म्हनायचा त्ये?"

"ते बापूरावांचं."

"सोनाबाईच्या सासूचं?"

"तेही."

दार उघडे होते. आत, मागांच्या दोन ओळींच्या मध्ये, साहेब एका विणकरापुढे उभा होता. तोंड फाकलेले, सगळे दात दिसत होते. खडखडाटात त्याचा एक शब्द बाहेर येत नव्हता. विणकर मान खाली घालून उभा होता. मामा दाराच्या चौकटीला हात लावून बराच वेळ साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हंजे त्यो हसत न्हवता," ते म्हणाले.